उसनी दिलेली तीन पुस्तके

रविवारच्या दुसऱ्या मिस्सानंतर चर्चच्या पायऱ्यांवर जी मंडळी रेंगाळतात, त्यांच्यापैकी कोणीतरी आम्हांला हटकून विचारते, ‘फादर, वाचायला काही चांगले आहे का?’ प्रश्न साधा आहे. आणि बराच जुना आहे. चारशे वर्षांपूर्वी गोव्यातील साष्टीत फादर थॉमस स्टीफन्स या येशूसंघीय धर्मगुरूंपुढे तो असाच येऊन उभा राहिला होता. आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी आम्हांला वाचायला काय देता, ही एका ब्राह्मणाची पृच्छा ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभीच आलेली आहे. तिचे उत्तर म्हणून फादरांनी दहा हजारांहून अधिक ओव्या रचल्या आणि १६१६ साली रायतूर येथे त्यांचा ग्रंथ छापून निघाला. आमच्या अंगी ओव्या रचण्याचे सामर्थ्य नाही. आमच्यापाशी आहे ते धर्मगुरुनिवासातील पुस्तकांचे एक लाकडी कपाट. पावसाळ्यात त्याचे दार फुगून बसते आणि गुडघा टेकवल्याखेरीज उघडत नाही.

या कपाटातून आम्ही वर्षानुवर्षे देत आलो ती प्रामुख्याने संतचरित्रे. त्यांत गैर काही नव्हते. आमच्या स्वतःच्या आजीने आम्हांला वाचनाची गोडी लावली तीही अशाच एका चरित्राने. परंतु आपल्या घरांत फिरणाऱ्या या लहान पुस्तकांचा एक ठरीव साचा होऊन गेला आहे, हे कबूल करणे भाग आहे. संत जन्मापासूनच संत असतो. संत निकोलस यांच्याविषयी अशी आख्यायिका आहे की तान्हेपणीदेखील ते बुधवारी आणि शुक्रवारी आईचे दूध वेळेचे बंधन पाळूनच पीत. बिचाऱ्या आईला काय वाटले असेल, हे मात्र कोणी लिहून ठेवलेले नाही!

काही वर्षांपूर्वी महाविद्यालयात जाणाऱ्या एका मुलीने असेच एक चरित्र आम्हांला परत आणून दिले. पुस्तक कसे वाटले, असे विचारता ती म्हणाली, ‘फादर, चांगले आहे. पण यांना कधी शंकाच आली नाही का?’ आम्ही काहीतरी उत्तर दिले. ते उत्तर आज आम्हांला आठवत नाही, यावरूनच त्याची योग्यता कळते. मुलगी त्यानंतर पुस्तक मागायला आली नाही. पुढे मिस्सालाही दिसेनाशी झाली. एका पुस्तकाने माणूस श्रद्धेपासून दूर जात नाही हे आम्ही जाणतो. परंतु तिच्या हाती त्या दिवशी दुसरे पुस्तक द्यायला हवे होते, ही टोचणी आम्हांला लागून राहिली. आज जी तीन पुस्तके आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत, ती त्या टोचणीतून निवडलेली आहेत. तिन्हींत श्रद्धेचा विजय वाजतगाजत येत नाही. तिन्हींत माणसे हरतात, अडतात, चुकतात. आणि आमच्या मते नेमक्या याच कारणासाठी ती ख्रिस्ती कुटुंबाच्या घरात असावीत.

पहिले पुस्तक मराठीच आहे आणि बहुतेकांना नावाने ठाऊक आहे : लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. त्याचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. शाळेच्या पाठ्यपुस्तकातील एखाद्या उताऱ्यापलीकडे ते आपल्या कॅथलिक घरांत फारसे पोहोचले नाही, असा आमचा अनुभव आहे. टिळक दांपत्य प्रॉटेस्टंट, तेव्हा ते ‘त्यांचे’ पुस्तक, अशी काहीशी अढी पूर्वीच्या पिढीत होती. सेमिनरीत असताना आम्हीही ते साहित्य म्हणून वाचले, श्रद्धेचा ग्रंथ म्हणून नव्हे. ती आमची चूक होती.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांचे काव्य आपण उपासनेत गातो, त्यांच्या धर्मांतराची कथा आदराने सांगतो. परंतु त्या कथेची दुसरी बाजू ज्या बाईच्या अंगावर कोसळली, तिच्या तोंडून ती ऐकणे ही निराळीच गोष्ट आहे. नवरा ख्रिस्ती झाला म्हणजे तिच्या दृष्टीने तो मेल्यासारखाच. पण विधवा म्हणावे तर तो जिवंत, आणि पत्रे पाठवतो आहे! पाच वर्षांच्या आसपास लक्ष्मीबाई नातेवाइकांच्या आधाराने लहान मुलाला घेऊन दिवस काढतात. त्या रडतात, आजारी पडतात, टिळकांवर रागावतात, आणि तरीही त्यांच्यावाचून त्यांना राहवत नाही. पुढे त्या नवऱ्याकडे जातात, पण सोवळे सोडून नव्हे. ख्रिस्ती घरात त्यांची वेगळी चूल, वेगळे पाणी सुरूच राहते.

हे सोवळे कसे सुटले, तो भाग आम्ही आजवर पाच-सहा वेळा तरी वाचला असेल. कोणी प्रवचन केले नाही, वादात कोणी त्यांना हरवले नाही. जात देवाने केली की माणसाने, हा प्रश्न एका रात्री त्यांनी स्वतःच स्वतःला विचारला आणि स्वतःच त्याचा निकाल लावला. ज्यांच्या वडिलांनी सोवळ्याच्या वेडापायी मीठसुद्धा धुऊन घेतले, त्यांची ही लेक. बाप्तिस्मा त्यांनी घेतला तो १९०० साली. या सगळ्याची हकीकत सांगताना त्या स्वतःला मोठेपणा देत नाहीत की टिळकांना देव्हाऱ्यात बसवीत नाहीत. टिळकांचा तापट स्वभाव, हातातले पैसे वाटून टाकून घरी रिकाम्या हाताने येण्याची त्यांची सवय, घरात पीठ नसताना आलेले पाहुणे, हे सारे त्या अशा काही खट्याळपणे सांगतात की डोळ्यांत पाणी असताना हसू फुटते. पुस्तकाचा उत्तरार्ध पूर्वार्धाइतका घट्ट विणीचा नाही, हे आम्ही लपवीत नाही. तेथे माणसांची गर्दी होते आणि वाचक थोडा दमतो. त्याने दमावे, थांबावे, पुन्हा उघडावे.

घरात एकाची श्रद्धा पुढे धावते आणि दुसऱ्याचे पाऊल उचलत नाही, अशी कुटुंबे आपल्या धर्मग्रामात नाहीत काय? त्यांना आम्ही हे पुस्तक मुद्दाम देतो. मागे राहिलेल्या माणसाचे म्हणणे इतक्या प्रेमाने मांडलेले आम्ही अन्यत्र वाचलेले नाही.

दुसरे पुस्तक फ्रेंच लेखक जॉर्ज बर्नानोस यांची ‘एका खेड्यातील धर्मगुरूची रोजनिशी’ ही १९३६ सालची कादंबरी. ती आम्ही इंग्रजी अनुवादातून वाचली. सहायक धर्मगुरू म्हणून पहिल्याच नेमणुकीवर असताना, जुलै महिन्याच्या एका पावसाळी आठवड्यात, एका ज्येष्ठ धर्मगुरूंनी ती आमच्या हाती ठेवली आणि एवढेच म्हटले की ही आत्ता वाच, पंचवीस वर्षांनी पुन्हा वाच. आम्ही तसेच केले.

कथानक म्हणावे असे तीत थोडेच आहे. आंब्रिकूर नावाच्या खेड्यात एक तरुण, आजारी, भिडस्त धर्मगुरू येतो. पोट दुखते म्हणून तो स्वस्त द्राक्षारसात बुडवलेल्या पावावर राहतो, आणि गाव म्हणते, फादर पितात. धर्मशिक्षणाच्या वर्गातल्या मुली त्याची थट्टा करतात. त्याच्या योजना फसतात, हिशेब जुळत नाहीत, प्रार्थना होत नाही. यातले काय काय आमच्याही वाट्याला आले, ते येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. पण रोजनिशीची पाने उलटताना आम्ही दोनदा पुस्तक मिटून व्हरांड्यात जाऊन उभे राहिलो, एवढे सांगतो.

या कादंबरीच्या मध्यावर एक प्रसंग आहे. गावच्या वाड्यातील काउंटेसचा लहान मुलगा वारला आहे. त्या दिवसापासून तिने देवाशी अबोला धरला आहे. मिस्साला येते, दानधर्म करते, सारे रीतसर, परंतु आतून दार बंद. हा अननुभवी तरुण तिच्यापुढे उभा राहून बोलत राहतो, आणि अखेरीस ती मुलाचे केस असलेले गळ्यातले पदक आगीत फेकून देते, जणू हेही घ्या म्हणून. तो धावतो आणि हात जाळून घेऊन ते बाहेर काढू पाहतो. देवाला दुःख अर्पण करायचे म्हणजे त्याची राख करायची असे नव्हे, हे त्याला शब्दांत सांगता आले नसते. त्याच्या हाताने ते सांगितले. त्याच रात्री काउंटेस वारते, मनाने शांत होऊन. आणि गावात बोलले जाते ते असे की या माणसाने तिला छळून मारले.

मूल गमावलेल्या आईबापांना भेटायला जाताना कोणते शब्द घेऊन जावे, हे सेमिनरीत शिकवता येत नाही. आम्हांला तो प्रसंग आठवतो आणि आम्ही पुष्कळदा गप्पच बसतो. मूल गमावलेल्या घरी मात्र हे पुस्तक आम्ही आपण होऊन देत नाही. मागितले तरच देतो. दुःख ताजे असताना ते सोसणार नाही.

धर्मगुरूंवर टीका करण्याचा सर्वांनाच हक्क आहे आणि आपल्याकडे तो पुरेपूर बजावलाही जातो! तेव्हा ज्यांना धर्मगुरूंविषयी तक्रार आहे, त्यांनी तर ही रोजनिशी अवश्य वाचावी. तक्रार मिटेल असे नाही. पण तक्रार कोणाविरुद्ध आहे ते नीट दिसेल.

आता तिसरे पुस्तक. त्याच्याविषयी जपून लिहायला हवे, कारण ते दिल्याबद्दल आम्ही बोल खाल्लेला आहे.

जपानी कॅथलिक लेखक शुसाकू एन्दो यांची ‘सायलेन्स’, म्हणजे ‘मौन’, ही कादंबरी १९६६ साली प्रसिद्ध झाली. योगायोगाने त्याच वर्षी, जून महिन्यात, निषिद्ध ग्रंथांची जी यादी चर्च १५५९ पासून ठेवीत आले होते तिचे बंधन संपुष्टात आले. काय वाचावे याचा निर्णय यापुढे वाचकाच्या जागृत सदसद्विवेकावर सोपवला गेला. पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद विल्यम जॉन्स्टन या येशूसंघीयांनीच केला, आणि २०१६ साली मार्टिन स्कॉर्सेसी यांनी त्यावर चित्रपट काढला. चित्रपट पाहिलेल्यांनीही पुस्तक वाचावे, ते का हे पुढे सांगतो.

वसईच्या वाचकाला हे पुस्तक परके वाटण्याचे कारण नाही. आपले संत गोन्सालो गार्सिया, ज्यांचा सण आपण थाटाने साजरा करतो, ते वसईत जन्मले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर चढले. त्यांच्यासह एकूण सव्वीस जण होते. १८६२ साली त्यांना संतपद मिळाले. आपली कथा तेथे थांबते. एन्दो यांची कथा त्यानंतर चाळीसएक वर्षांनी सुरू होते. १६१४ साली जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर सरसकट बंदी आलेली आहे. क्रिस्तोव्हाव फेरेरा या ज्येष्ठ येशूसंघीय धर्मगुरूंनी १६३३ साली खड्ड्यात उलटे टांगले गेल्यावर धर्मत्याग केला, ही ऐतिहासिक सत्यघटना आहे. आपला गुरू असा पडला यावर विश्वास न बसलेले तरुण धर्मगुरू पोर्तुगालहून निघतात, गोव्यावरून मकावला जातात आणि तेथून चोरून जपानच्या किनाऱ्यावर उतरतात. त्यांपैकी रॉड्रिग्ज हा कथेचा नायक.

छळाचे अधिकारी फार हुशार आहेत. धर्मगुरूंना मारले की हुतात्मे होतात आणि लोकांचा विश्वास वाढतो, हे त्यांना कळून चुकले आहे. म्हणून रॉड्रिग्जला ते हात लावीत नाहीत. त्याच्यासाठी गरीब शेतकऱ्यांना छळतात. समुद्रात खांबांना बांधलेले दोन खेडूत भरतीच्या पाण्यात हळूहळू मरतात. रॉड्रिग्ज लपून पाहतो आणि देव काहीच बोलत नाही. शेवटी कोठडीत त्याला रात्री कोणाचे तरी घोरणे ऐकू येते. त्या आवाजाचा त्याला संताप येतो. मग कळते की ते घोरणे नसून खड्ड्यात टांगलेल्या ख्रिस्ती माणसांचे कण्हणे आहे. आणि त्या माणसांनी केव्हाच धर्म सोडलेला आहे. ते सुटतील, पण रॉड्रिग्जने ख्रिस्ताच्या प्रतिमेवर पाय ठेवला तरच. पहाटे तो पाय ठेवतो. त्या क्षणी प्रतिमेतला ख्रिस्त त्याच्याशी बोलतो, आणि त्याला अनुज्ञा देतो.

हे पुस्तक आम्ही एका तरुणाला दिले. आठवड्याने त्याची आई आली. ती आमच्याहून वयाने मोठी. ‘फादर, माझा मुलगा आधीच डळमळतो आहे. आणि तुम्ही त्याला धर्मगुरू प्रभूच्या तोंडावर पाय देतो असले पुस्तक देता? आम्ही मुलांना गोन्सालोची गोष्ट सांगायची की ही?’ तिच्या डोळ्यांत पाणी होते. ती अडाणीपणाने बोलत नव्हती. या कादंबरीवर विद्वानांनी घेतलेला आक्षेप याहून फारसा वेगळा नाही : ख्रिस्तच जर पाय ठेव म्हणत असेल, तर ज्या सव्वीस जणांनी आणि त्यांच्यामागून कित्येकांनी प्राण दिले, ते काय व्यर्थ?

आम्ही या आक्षेपावर पुष्कळ विचार केला आहे. त्या आवाजाविषयी आमचे मन अजूनही पूर्णपणे निःशंक नाही. तो ख्रिस्ताचा आवाज की थकलेल्या माणसाच्या मनाचा, हे लेखकाने उघडे ठेवले आहे, आणि तसे ठेवणे कलेच्या दृष्टीने योग्य असले तरी दुबळ्या वाचकाला त्यातून पळवाट सापडू शकते. हा दोष आम्ही मान्य करतो. पण रॉड्रिग्ज पाय ठेवतो त्यावर पुस्तक थांबले असते तर आम्ही ते कोणाला दिले नसते. ते थांबत नाही. पाय ठेवल्यानंतर जगावे लागते, जपानी नाव घेऊन, नेमून दिलेल्या बायकोबरोबर, पहाऱ्यात, म्हातारपणापर्यंत. हुतात्म्याची वेदना काही तासांची किंवा दिवसांची. याची तीस वर्षांची.

आणि एक किचिजिरो आहे. आमच्या दृष्टीने पुस्तकाचा प्राण तोच. भित्रा, दारुडा, लाळघोट्या असा हा माणूस. घरच्यांनी प्राण दिले तेव्हा याने प्रतिमेवर पाय ठेवून जीव वाचवला. रॉड्रिग्जला तोच आश्रय मिळवून देतो आणि तोच चांदीच्या नाण्यांसाठी पकडून देतो. आणि दर वेळी मागोमाग येतो : फादर, माझे पापनिवेदन ऐका. रॉड्रिग्जला त्याची किळस येते. क्षमेचे शब्द तो उच्चारतो खरा, पण ते त्याच्या घशात अडकतात. मी दुबळा जन्मलो, सुखाच्या काळात जन्मलो असतो तर चांगला ख्रिस्ती म्हणून मेलो असतो, अशा आशयाचे गाऱ्हाणे किचिजिरो घालतो, आणि त्याला उत्तर नसते. स्वतः पडल्यावरच रॉड्रिग्जला तो भाऊ म्हणून दिसू लागतो.

आम्ही दर शनिवारी संध्याकाळी पापनिवेदन ऐकायला, आमच्या आजीच्या भाषेत कुमसाराला, बसतो. जाळीपलीकडून जे आवाज येतात त्यांत संत गोन्सालो क्वचितच असतात. किचिजिरो मात्र दर शनिवारी असतो. तीच चूक, तीच लाज, पुन्हा तेच येणे. जाळीच्या अलीकडेही तोच बसलेला असतो, हे आम्ही कोणत्या तोंडाने नाकारावे?

त्या आईला आम्ही हे सांगितले नाही. आम्ही तिला इतिहासातली एक गोष्ट सांगितली. १८६५ साली नागासाकीत परदेशीयांसाठी बांधलेल्या नव्या चर्चमध्ये काही जपानी शेतकरी आले आणि त्यांनी फ्रेंच धर्मगुरूंना हळूच सांगितले की आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. त्यांनी पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे ते विचारले. दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरूवाचून, मिस्सावाचून त्यांनी श्रद्धा टिकवली होती. साऱ्या जगाला या घटनेचे नवल वाटले. परंतु हे कोणाचे वंशज? नागासाकीच्या परिसरात लोकांना दरवर्षी त्या प्रतिमेवर पाय ठेवायला लावीत. ज्यांनी नकार दिला ते मारले गेले. त्यांची घरे बुडाली. जे मागे उरले त्यांच्यापैकी बहुतेकांच्या पूर्वजांनी पाय ठेवलेला होता. ते घरी येत, दार लावीत आणि पश्चात्तापाची प्रार्थना म्हणत. त्या प्रार्थनेला ते पोर्तुगीज शब्दावरून ‘कोंचिरिसान’ म्हणत. पुढच्या वर्षी पुन्हा पाय, पुन्हा प्रार्थना. हुतात्म्यांच्या रक्ताने जपानमधील चर्च पवित्र झाले हे खरेच. त्या काळोखातून ते वाहून आणले ते बव्हंशी किचिजिरोंनी.

आई थोडा वेळ बसून राहिली. मग म्हणाली, ‘मला इंग्रजी जमत नाही. पोरगा वाचून दाखवेल का, विचारते.’

मुलाने वाचून दाखवले. रात्री जेवणानंतर, जपमाळ झाल्यावर, रोज थोडे थोडे, वाक्यावाक्याला मराठीत सांगत. सुमारे दोन महिने लागले. मुलगा मिस्साला येऊ लागला असे लिहिण्याचा मोह होतो, पण तसे झाले नाही. तो अधूनमधून येतो. आईने पुस्तक परत आणले तेव्हा तिने एकच विचारले, ‘त्या किचिजिरोचे शेवटी काय झाले, फादर? पोराने शेवटची पाने सोडून दिली. म्हणाला, नुसत्या सरकारी नोंदी आहेत.’

पुष्कळ वाचक तेथेच पुस्तक मिटतात. शेवटचे प्रकरण एका अधिकाऱ्याच्या दप्तरासारखे आहे : अमुक तारखेला अमुक आला, इतका खर्च झाला, अमुक आजारी. कंटाळवाणे वाटते हे खरे. चित्रपटाने या नोंदींचा उपयोग केला आहे, पण शेवटी आपल्या मनाचे काही दाखवून त्या दप्तराचा कोरडेपणा घालवला आहे. म्हणून पुस्तकच वाचावे असे आम्ही म्हटले. त्या नोंदींत किचिजिरो आहे. रॉड्रिग्जच्याच घरी तो आता चाकरीला राहिला आहे. एके दिवशी झडती होते आणि त्याच्या गळ्यातल्या ताइतात ख्रिस्ती संतांचे चित्र सापडते. ते कोठून आणले, धन्याने दिले काय, अशी चौकशी होते. आयुष्यभर ज्याने प्रत्येकाला पकडून दिले, तो किचिजिरो या वेळी रॉड्रिग्जचे नाव घेत नाही.

आम्ही ती पाने तिला तेथेच, व्हरांड्यात उभ्या उभ्या, मराठीत सांगितली. पुस्तक सध्या दुसऱ्या एका घरी आहे. ज्यांना हवे असेल त्यांनी नाव सांगून ठेवावे.